वहिनीनं आखलेला माझा अभ्यास

वहिनी वालूरची. लग्न होऊन जिंतूरला आमच्या घरी आली तेव्हा बी.एस्सी. झालेली होती, गणितात कॉलेजात पहिली. मी कॉमर्सची. एमबीएच्या सीईटीला बसायचं ठरवलं होतं आणि गणिताचं नाव काढलं की मी पुस्तक मिटून ठेवायची.

गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून आप्पा आणि दादा दुकानात गेले की घर शांत व्हायचं. अशाच एका दुपारी मी गणित सोडवत होते, तेव्हा वहिनी पिठाच्या हातानं माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी हे लय लांबून करायलाव," म्हणाली आणि दोन ओळींत गणित सोडवलं.

त्या दिवसापासून अभ्यासाचं नियोजन तिच्याकडं गेलं. सराव परीक्षेत मला दोनशेपैकी अडुसष्ट मिळाले होते आणि मी एका कागदावर एकशे चाळीस लिहून तो भिंतीवर चिकटवला होता. तिनं तो कागद काढला.

"एकदम एवढं म्हणलं की घाबरून जाताल. दर आठवड्याला पाच वाढवायचे. बास."

मला सोबत म्हणून तीही पेपर सोडवायची. दुसऱ्याच महिन्यात तिचे एकशे सव्वीस आले.

"वहिनी, तुमीबी फॉर्म भरा की."

संध्याकाळी तिनं वालूरला फोन लावला. चार दिवसांनी तिचे वडील एसटीनं तिच्या मार्कशीट घेऊन आले.

त्या रात्री जेवताना तिनं विषय काढला. दादा म्हणाला, "दोघीबी अभ्यासाला बसल्यावर घर कोण बघंल? आईचे गुडघे हे असे." आप्पा म्हणाले, "आधी एकीचं होऊ द्या."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. 'घरातलं अर्धं काम मी करीन' एवढं म्हणायला पाहिजे होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले. ती अभ्यासाला बसली तर अर्धा स्वयंपाक माझ्याकडं येईल, हे मला तेव्हा नीट कळत होतं.

वहिनीनं मला शिकवणं थांबवलं नाही. ती रुसली असती तर सोपं गेलं असतं.

मला ब्याण्णव पर्सेंटाइल मिळाले, पुण्याचं कॉलेज मिळालं. गल्लीत पेढे वहिनीनंच वाटले. निघायच्या दिवशी ती माझी बॅग भरत होती. मी म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी माझं चुकलं."

तिनं घडी घातलेला ड्रेस बॅगेत ठेवला. "मी तुमच्याकडंच बघायले होते," म्हणाली. मग बॅगेची चेन लावत, "चला, गाडीची वेळ झाली."

आता मला नोकरी आहे. दरवर्षी फॉर्म सुटले की मी तिला फोन करते. गेल्या वर्षी पुस्तकंही पाठवली. "आता डोकं चालत न्हाई, ताई," एवढंच ती म्हणते आणि आईच्या तब्येतीचं सांगायला लागते. दिवाळीला गेले तेव्हा कपाटात ती पुस्तकं दिसली. वरचं प्लॅस्टिक फाडलेलं नव्हतं.