ठेव परत करायला यावलला

बत्तीस वर्षं मी सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. खानदेश फळ्यावर किती वेळा काढला असेन, देव जाणे. वर सातपुड्याची रेघ, मधून तापी, खाली काळी जमीन आणि कंसात 'केळी, कापूस'. त्या रेघेच्या आसपास पाय ठेवायची वेळ मात्र आली नव्हती. ती आली साठी उलटल्यावर, ऐन भाद्रपदात, मांडीवर एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. खोक्याला वरून भोकं पाडली होती आणि आत एक वेल होती. त्या वेलीविषयी मी खोटं बोलत होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

फोनवर आमचा 'कुंडीकर' नावाचा एक गट आहे. होया नावाच्या वेलींचं वेड असलेली ही शंभर-दीडशे माणसं. जाड मेणचट पानं आणि चांदण्यांसारख्या फुलांचे झुबके, एवढ्यासाठी आम्ही घरच्यांच्या शिव्या खातो. निम्म्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. पण गटात एक रीत आहे. कुणाकडे दुर्मीळ वेल आली की त्याने तिची एक फांदी दूरच्या, वेगळ्या हवेतल्या सभासदाकडे सांभाळायला द्यायची. तिला आम्ही 'ठेव' म्हणतो. मूळ वेल मेली तर ठेव परत मागायची, आणि मागितली की ती हाताने नेऊन द्यायची. कुरिअर नाही, सबबी नाहीत.

माझ्याकडची ठेव यावलच्या विलासची होती. आसामात नोकरीला असताना त्याने ही वेल मिळवली होती. स्वतः सांगलीला येऊन तो फांदी देऊन गेला, एक दिवस आमच्याकडे राहिला. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. तिशीचाही नव्हता. त्याचा फोन त्याच्या आईने, अक्कांनी, बंद केला नाही. अजूनही गटात त्याचं नाव आणि त्याचा हसरा फोटो येतो, आणि दाबलं की आवाज येतो अक्कांचा. यंदाच्या उन्हाळ्यात अक्का पडल्या, खुबा मोडला, महिनाभर जळगावला दवाखान्यात होत्या. घरी आल्या तेव्हा तिथल्या मूळ वेलीच्या काड्या झाल्या होत्या. श्रावणात विलासच्या फोटोखाली त्यांचा निरोप आला, "सांगलीच्या बाई, विलासची ठेव आता मांगते."

ती ठेव माझ्याकडे मुळं सडून मेली होती, आदल्या पावसाळ्यातच. मी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट गटात जुने फोटो टाकून ती जिवंत ठेवली होती. निरोप आल्यावर मी कोल्हापूरच्या एका नर्सरीतून तशीच दिसणारी वेल आणली. फरक एकच होता. विलासच्या वेलीच्या पानामागची मधली शीर तांबूस होती, हिची हिरवी. पान उलटून कोण बघतंय, असं मी स्वतःला समजावलं. जी माणसं दुसरं काही करतच नाहीत, त्यांच्याबद्दल समजावलं.

सरळ जळगावला उतरून यावल गाठता आलं असतं. पण ठेव परत जातेय म्हटल्यावर गटाने माझा प्रवास आपसात वाटून घेतला. न्याहारी चाळीसगावला, मुक्काम धुळ्याला, मग यावल. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

सकाळी सहाला चाळीसगावला उतरले तेव्हा वसंतभाऊ फलाटावर ओलं गोणपाट घेऊन उभे होते. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, गटात ते रोगांचे डॉक्टर समजले जातात. गोणपाट खोक्यावर टाकायला होतं, वेलीला प्रवासाचा ताप होऊ नये म्हणून. "या बाई, या. परवास बरा व्हयना ना?" (प्रवास बरा झाला ना?) म्हणत त्यांनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं. माझी पिशवी मीच घेतली.

घरी त्यांच्या पत्नीने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी खात होते तेवढ्यात भाऊंनी खोकं उघडलं. त्यांनी एक पान हलकेच उलटलं, शिरेवरून अंगठा फिरवला, परत सरळ केलं आणि झाकण लावलं.

"चांगली शे," ते म्हणाले. मग "आलोच" म्हणून अंगणात गेले आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिले. पानाची ओळख पटली नाही, या आनंदात मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. आज ते आठवलं की लाज वाटते.

"तुमनं बठ्ठं आंग आंबी गयं व्हई," (सगळं अंग आंबून गेलं असेल) असं म्हणून वहिनींनी मला दोन तास झोपू दिलं आणि निघताना ओटीत नारळ घातला. विलास त्यांच्याकडे यायचा, हे त्यांनी सांगितलं. कधी, किती वेळा, ते मी विचारलं नाही.

धुळ्याला पोचेपर्यंत आभाळ खाली उतरलं होतं. पाऊस नव्हता, नुसती ओलसर काळोखी. सरळ आखलेल्या गल्ल्यांचं हे गाव मी मुलांना कौतुकाने सांगायचे. प्रत्यक्षात त्या गल्ल्यांतून चालताना कुठे वळून लपायची सोय नाही असंच वाटत राहिलं. पांझरा नदीचं पाणी गढूळ होतं. मुक्काम गटातल्या मंगलताईंकडे होता; त्या आणि त्यांचे यजमान दोघेही निवृत्त शिक्षक. त्यांच्या गॅलरीत चाळीसेक होया लटकलेल्या होत्या, एकीचीही पानं धुळकट नव्हती.

त्यांनी माझे पाय गरम पाण्यात ठेवायला लावले. जेवायला डुबुक वडे (बेसनाचे गोळे उकळत्या आमटीत सोडून केलेले) केले होते. पलंग मला दिला आणि दोघं खाली झोपायला निघाली. मी खूप वाद घातला, तर यजमान म्हणाले, "बाई, तुम्ही ठेव घेऊन आलात. हे आमच्याकडे रोज रोज होत नाही." मला त्या क्षणी उठून परत जावंसं वाटलं. इतकं मऊ अंथरूण मला मिळायला नको होतं.

एक गोष्ट चमत्कारिक होती. मंगलताईंनी खोकं उघडून दाखवा असं म्हटलंच नाही. होयावाली बाई बंद खोक्याशेजारी एक संध्याकाळ गप्प बसते, हे मी ऐकलेलंही नाही. सकाळी त्या स्टँडवर सोडायला आल्या, दशम्यांची पुडी हातात दिली आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "काहीही वाटलं तरी अक्कांकडे जाऊन या हं. मधून परत फिरू नका." मी हो म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

एसटी अमळनेर, चोपडा करत निघाली. कापसात पाणी साचलेलं, बैल चिखलात उभे, माणसं डोक्यावर पोती घेऊन बांधावरून चाललेली. तापी ओलांडली तेव्हा मी सवयीने उत्तरेला पाहिलं. सातपुडा दिसला नाही. आभाळाने तो पुसून टाकला होता. पुढे दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, हिरव्या, दाट आणि आतून अंधाऱ्या.

यावल आलं. मी पिशवी घेतली, छत्री घेतली, आणि खोकं सीटखाली तसंच ठेवून उतरले. विसरले असं सांगता आलं असतं. म्हातारी बाई, लांबचा प्रवास, कुणीही मानलं असतं. वीसेक पावलं गेले असेन. मागून कंडक्टर धावत आला, खोकं छातीशी धरून. "ओ मावशी, तुमनं खोकं ऱ्हायनं ना!" धाप लागली होती त्याला. "आत जीव शे वाटतं. भोकं पाडेल शेत." (पाडलेली आहेत.) मी त्याचे आभार मानले आणि खोकं घेतलं.

अक्कांचं घर गावाच्या कडेला, मागे लगेच केळी. वॉकर धरून त्या दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं. पडवीत एक तार बांधलेली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. मी खोकं पुढे केलं, तर त्यांनी ते कोनाड्याशी ठेवायला सांगितलं. "आधी जेवा. गरम हाये."

वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. उभं राहवत नाही म्हणून त्यांनी स्टुलावर बसून बट्ट्या तळल्या होत्या. त्या समोर बसून वाढत राहिल्या, तूप ओतत राहिल्या. दोन बट्ट्या गेल्या. तिसरी कुस्करताना माझे हात थांबले आणि मी बोलून टाकलं. वेल विलासची नाही. ती गेल्या वर्षीच मेली. मी फोटो खोटे टाकले. ही कोल्हापूरहून आणली.

अक्कांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "मले मायती हाये."

"कधीपासून?"

"वसंतभाऊचा फोन आला व्हता. पान पाह्यलं त्याईनं. मंगलले त्याईनंच सांगलं, तिचा बी आला." त्यांनी पदराने हात पुसले. "म्या सांगलं दोघाईले, बाईले बोलू नका. बोलले त बाई अर्ध्यातून परत जाईन. येऊ द्या तिले मह्या घरी."

म्हणजे चाळीसगावच्या त्या अर्ध्या भाकरीपासून पुढचं सगळं, पाय शेकणं, पलंग, दशम्या, हे सारं या माणसांनी मला ओळखून दिलं होतं. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं, असं मी अक्कांना म्हणाले.

"राग आला व्हता," अक्का म्हणाल्या. "काल दिवसभर व्हता. रडली बी. ते आता कुठीच नाही ना, त्याचं झाड." मग माझ्या ताटाकडे बघत, "पन विलास तुमच्या घरी राह्यला व्हता. एक दिवस. त्या दिवसाचं मले काहीच मायती नाही. तो काय बोलला, काय जेवला, सांगा ना."

त्यासाठी मला येऊ दिलं होतं. मी सांगत गेले. तो पुरणपोळी नको म्हणाला आणि भाकरीबरोबर दूध मागून घेतलं. पायऱ्यांवर बसून चप्पल शिवली. रात्री आठला "आई काळजी करते" म्हणून फोन केला. अक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मग मला तेही सांगावं लागलं, जे मी स्वतःलासुद्धा सांगायचं टाळलं होतं. जाताना माझ्या गच्चीवरची सगळ्यात लहान कुंडी त्याने निवडली आणि मला बजावलं, "बाई, हिची कुंडी बदलू नका. हिला अडचणीतच बरं वाटतं. मोठी दिली की मुळं सडतात." त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ती वेल माझ्याकडच्या सगळ्यात मोठ्या, सुंदर चिनीमातीच्या कुंडीत लावली होती. मायेने लावली होती. त्या मायेनेच ती मेली.

"लहानपनापासून शिकवायची खोड त्याले," अक्का म्हणाल्या. "कोनी आयकत नसे." आणि त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर पदर घेतला.

नर्सरीची वेल मी परत न्यायला निघाले, तर त्यांनी नेऊ दिली नाही. "तिनं काय केलं? ऱ्हाऊ द्या." शेजारच्या बाईला बोलावून त्यांनी ती तारेला लटकवायला लावली. पडवी काही भरल्यासारखी दिसेना, पण रिकामीही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी जळगावहून गाडीत बसले आणि गटात सगळं खरं लिहिलं, कुंडीसकट. शंभर-दीडशे जणांनी ते वाचलं असेल. मग वसंतभाऊंचा निरोप आला, "बठाले जागा मिळनी का?" (बसायला जागा मिळाली का?) मंगलताईंनी दशम्या उरल्यात का विचारलं. विलासच्या फोटोखाली मात्र काही आलं नाही. घरी येऊन मी ती चिनीमातीची कुंडी फोडणार होते. फोडली नाही. फोडून कुणाचं काय परत येणार होतं?

या प्रवासात मी नदी पाहिली, बागा पाहिल्या, डोंगर पाहिला नाही. पण विद्यार्थ्यांना खानदेश सांगायला आज कुणी बोलावलं, तर कंसात काय लिहावं हे मला सुचणार नाही. कुणी इतकं चांगलं वागवलेलं सोसत नाही, हे मला त्या वयात, त्या गावांत कळलं.

अक्का आता दर रविवारी सकाळी फोन करतात. नमस्कार-चमत्कार नाही, एकच प्रश्न असतो, "अजून काही आठवलं का?" एका दिवसात मावेल तेवढंच माझ्याकडे होतं. ते दिवाळीपर्यंत संपलं. गेल्या रविवारी काहीच उरलं नव्हतं, आणि त्या वाट बघत होत्या, म्हणून मी एक रचून सांगितलं. गच्चीवर उभा राहून विलास म्हणाला होता की, एकदा आईला घेऊन येतो, तिला इथली हवा मानवेल.

पलीकडून केळीच्या पानांचा आवाज तेवढा येत होता.

"असं नाही बोले तो," अक्का म्हणाल्या. "पन सांगा तुम्ही."