आजोबांची रोजची दाढी

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की मला आमचं शहाद्याजवळचं अंगण आणि तोंडाला साबण फासलेले आजोबा आठवतात. गावात वीज यायच्या आधीची गोष्ट. धाकटा भाऊ अडीच वर्षांचा झाला तरी चालेना. डॉक्टरांनी बजावलं, रोज सकाळच्या उन्हात आईबाप दोघांनीच त्याचे पाय चोळायचे आणि हात धरून चालवायचं. पण बापासमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही ही आमच्याकडची रीत; बाबा लाजून खांबाआड उभे. शेवटी आजोबाच पाठ फिरवून बसले. "मी काही देखस नही. चालू द्या तुमनं." त्या दिवसापासून, एरवी फक्त बाजाराच्या दिवशी दाढी करणारे आजोबा रोज आरसा घेऊन बसायला लागले. मधूनच ओरडायचे, "डावा पाय वाकडा पडी ऱ्हायना!" एका सकाळी भावाला आरशात त्यांचं फेसाळलेलं तोंड दिसलं. आईचा हात सोडून तो खिदळत तिकडे निघाला, दोन-चार पावलं टाकली आणि त्याचा तोल गेला. "उचल ना त्याले!" आजोबा आरशातच गरजले. बाबांनी त्यांच्यादेखत लेकाला पहिल्यांदा उचललं. आता माझा मुलगा माझ्यासमोर खुशाल लेकीचे पाय चोळत बसतो. माझी पाठ मात्र आपोआप वळते, आणि हात दाढीचा आरसा शोधायला लागतो.