आईनं रचलेली पहिली भिंत

माझ्यासारख्यानं लिहावं का, कळत नाही; चुकलं तर माफ करा. सांगलीत माझ्या कॉलेजसमोर बांधकाम चाललंय. ओल्या सिमेंटचा वास आला, की वडूजची ती दुपार आठवते. तिथं इंजिनिअर मॅडम गरिबांसाठी स्वस्त घरं बांधत होत्या. घमेली वाहणाऱ्या माझ्या आईच्या तडकलेल्या हातात त्यांनी थापी दिली.

"आवं मॅडम, बाया कवा भिंत बांधत्यात व्हय?" मिस्त्री हसला.

"आजपासून. वाकडी झाली तर मीच पाडीन."

"न्हाई व्हायची वाकडी," म्हणत आईनं वीट ठेवली.

शाळा सुटल्यावर मी तिथंच बसलो होतो; भिंत वाकडी होऊन तिचं काम जाईल, या भीतीनं मी मान खाली घातली. आता कळतं, तिथं घाबरलेला मी एकटाच होतो.

काल आईचा फोन आला. जतच्या नव्या घरांवर तिला मिस्त्री म्हणून घेतलंय, मिस्त्रीच्याच मजुरीवर.