मांडवाशिवाय धवला

आमच्या गावात लग्न म्हटलं की भटजींच्या आधी आईला बोलावणं येतं. आई धवलारीण आहे. हळद दळण्यापासून वरात दारात येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो आईच्या तोंडून निघाल्याशिवाय आमच्या आगरी मांडवात पान हलत नाही. ती पुढे बसून ओळ म्हणते, मागच्या बायका तीच ओळ धरतात. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्या मागच्या बायकांत आहे.

पुढे मी याच धवल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि चांगलीच फसले. मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, असा आमच्याकडे नियम. त्याच्या सुरुवातीलाच गावदेवी, खाडीकाठचे देव आणि घरातली गेलेली माणसं यांना नावानिशी बोलावणं असतं. बोलावलं की ती येतात आणि लग्न पाहिल्याशिवाय परत जात नाहीत. त्यामुळे आई घरात बसून मला एक ओळ सांगेल तर शपथ. माझे गाईड विचारायचे, आई घरात असताना तुमचं काम अडतं कुठे? त्यांना काय कप्पाळ सांगणार!

खरी काळजी वेगळीच होती. आईला दम लागायला लागला होता. तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. न्हावा शेव्याचं बंदर पसरत गेलं, मिठागराच्या जागी कंटेनरचे ढीग आले, तरी आवाज खणखणीत होता. आता मात्र लांब ओळीत मध्येच श्वास तुटायचा आणि आम्ही मागच्या बायका घाईघाईने ओळ सावरून घ्यायचो. तिच्यानंतर पुढे बसणारं कुणी नव्हतं. मला बसायचं होतं. एकदा म्हटलंही, "मला शिकव ना."

"धवला शिकवत न्हाय गो," ती म्हणाली. "यायचा असला तर येतो. आनि तू शिकलेली, तुना काय करायचाय?"

मला भयंकर राग आला. शिकले म्हणजे काय गुन्हा केला?

त्याच सुमारास कलाकारांच्या एका परदेशी रेसिडेन्सीसाठी माझी निवड झाली. शेजारच्या काकी बातमी ऐकून धावत आल्या.

"पगार किती हाय गो?"

"पगार नाही. दोन महिने राहायला-जेवायला देतात, आपण आपलं काम करायचं."

"मंग काम केला न्हाय तर?"

"तरी कुणी ओरडत नाही."

आई भांडी लावता लावता म्हणाली, "म्हंजे माहेरपन हाय." झालं, सगळ्या गावाला समजलं. इतकी सोपी व्याख्या मला अर्ज लिहितानाही सुचली नव्हती.

माहेर मात्र थंडगार होतं. समुद्राकाठी एक लाकडी घर, त्यात माझ्यासारखेच चार-पाच शिकणारे कलाकार. कुणी मातीचं काम करायचं, कुणी नाचायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपलं काम गावकऱ्यांना दाखवायचं, असा रिवाज. मी फोटो दाखवून भाषण ठोकायचं ठरवलं होतं. घर सांभाळणाऱ्या बाईंनी साधा प्रश्न केला, "मग गाणार कधी?" मी नियम सांगितला. त्या हसल्या नाहीत, म्हणून जास्तच ओशाळले.

एका दुपारी भाषणाची तयारी करता करता चाल आठवून बघावी म्हणून तोंड उघडलं, आणि पहिली ओळ निघाली. पुढे कुणी नव्हतं. मीच पुढे होते. गावदेवी झाली, खाडीचे देव झाले, आजी झाली आणि मग बाबा. मुंबईपलीकडे कधी न गेलेल्या माझ्या बाबांना मी त्या परक्या किनाऱ्यावर हाक मारली. देव येतात यावर माझा विश्वास आहे की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण बाबांचं नाव घेतलं आणि मी ढसाढसा रडले.

घाबरून आईला फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाबालापन बोलवलास?"

"हो."

तिने हातातली भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आता तसाच धाडू नको त्यांना. तुलशीचा लावतो ना? तसा लगीन लाव. कुनाचाबी लाव."

शेवटच्या दिवशी आम्ही लग्न लावलं. अंगणातलं सफरचंदाचं झाड नवरा, किनाऱ्यावर उपडी पडलेली जुनी होडी नवरी. जाळ्यांचा मांडव घातला. आईने बॅगेत कोंबलेली हळद पहिल्यांदाच कामी आली. वरमाई कोण होणार यावरून दोन कलाकारांत चक्क वाद झाला. गावकरी आपापल्या खुर्च्या घेऊन आले.

धवला आई म्हणणार होती, व्हिडिओ कॉलवरून. मी फोन झाडाला टेकवून ठेवला आणि नेहमीसारखी मागची ओळ धरायला बसले. पण तिची ओळ पोहोचायला उशीर व्हायचा, माझी तिच्यापर्यंत जायला आणखी उशीर. दोघींची नुसती अडखळ. त्यात तिला दम लागला. ती थांबली.

"तू फुडं बोल," ती म्हणाली. "मी मांगशी धरतंय."

मी पुढे म्हणत गेले. झाडाच्या बुंध्याशी, फोनमधून, आईचा आवाज माझ्यामागून उशिराने येत राहिला. लग्न लागलं. देवांना, आजीला, बाबांना निरोप दिला. बाबांच्या नावाला मागची ओळ आलीच नाही. नेटवर्क गेलं असेल म्हणून वळून पाहिलं, तर पडद्यावर आई पदराने डोळे पुसत होती.

घरी परतल्यावर तिने या विषयाचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही. मग गावात लग्न निघालं. मांडवात बायका जमल्या, मी सवयीने मागच्या रांगेत शिरायला गेले, तर तिथे माझ्या जागेवर आई बसलेली. पुढची जागा रिकामी.

मी उभीच. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"बघतंस काय?" आई म्हणाली. "बस. हलद खोलंबलीय."

मी बसले. पहिली ओळ म्हटली आणि श्वास रोखून धरला. मागून आईने ती धरली, या वेळी लगेच.