कुणाच्या हातांकडे पाहायचं

ताई आठ वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्याचं ऐकणं घेऊन गेला. तो तेव्हा दोन वर्षांचा. आई दिवसभर कामावर, वडील घरात असून नसल्यासारखे, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं काम ताईनं आपणहून अंगावर घेतलं. पुढे तो कर्णबधिरांच्या शाळेत जाऊ लागला. तिथं शिकलेल्या खुणा तो तिला शिकवायचा आणि ज्या गोष्टींना खुणा माहीत नसत त्यांच्यासाठी दोघं मिळून घरीच बनवायची. मोठेपणी ताईला स्थळं आली, पण याचं कसं होईल म्हणून तिनं दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही.

ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करायची. दिवसाला चारशे काजं, आणि एकाचाही दोरा सुटायचा नाही. भाऊ पुस्तकांच्या बांधणीच्या दुकानात होता. रविवारी दोघं चर्चला जात, आणि पाळक उपदेश करू लागले की ताई त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून तोच उपदेश हातांनी सांगायची. सुरुवातीला फक्त भावासाठी. मग कुणाकडून तरी कळून एक म्हातारा सुतार आला, लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला आला, दोघी बहिणी आल्या, एक गवंडी आला. सहा खुर्च्यांची रांग झाली. मंडळी तिला ‘ताईची रांग’ म्हणायची. ताई वरवर म्हणायची, अहो, रांग देवाची. पण ते शब्द कानावर पडले की तिला दिवसभर बरं वाटायचं.

त्याच रस्त्यावर, पन्नास पावलांवर, दुसरी एक ख्रिस्ती मंडळी भरायची. पूर्वी दोन्ही एकच होत्या. बाप्तिस्मा पाणी शिंपडून द्यायचा की पाण्यात बुडवून, यावरून वाद झाला आणि अर्धे लोक उठून गेले. दोन्हीकडचं पाणी एकाच नळाचं, पण एकवीस वर्षं एका मंडळीतलं माणूस दुसरीच्या दारासमोरून जाताना मान फिरवायचं. मग त्या लोकांचा हॉल मालकानं विकला. पाळकांनी त्यांना बोलावलं, म्हणाले, आपण एकाच बापाची लेकरं, छप्परही एकच पुरेल. पुष्कळ कुरबुर झाली, पण ते लोक आले.

त्यांच्याबरोबर चार कर्णबधिर माणसं आली आणि त्यांची दुभाषी आली. ती चपला-बुटांच्या दुकानात कामाला होती, म्हणून सगळे तिला ‘दुकानवाली’ म्हणू लागले. वयानं ताईहून दहाएक वर्षांनी लहान. तिचे आईवडील दोघंही ऐकू न येणारे, त्यामुळे ती आधी हातांनी बोलायला शिकली आणि मग तोंडानं.

पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर चहाच्या वेळी दुकानवाली ताईच्या भावापाशी गेली आणि दोघं बोलू लागली. ताई कप घेऊन शेजारी उभी होती. त्यांचे हात असे चालले होते की तिला चारातलं एक वाक्य जेमतेम कळत होतं. भाऊ मध्येच खदखदून हसला. कशाला हसला ते ताईला समजलं नाही. त्याच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो बोलत होता आणि तिला कळत नव्हतं. तिनं चहा न पिताच कप खाली ठेवला.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखू लागलं ते थांबेचना. ताई उपदेश सांगत असताना दुकानवाली मागे बसून आपल्या चौघांना काहीतरी खुणावायची आणि म्हाताऱ्या सुताराची मान हळूच तिकडे वळायची. मग दोघी बहिणींची. एकदा तर प्रार्थना चालू असताना भावानंच खुर्ची इंचभर तिरकी केली. ताईनं तो इंच मनात मोजून ठेवला. काजांवर तिची सुई बोटात घुसू लागली. मुकादमीण म्हणाली, लक्ष कुठंय? ताईनं बोट पुसून पुढचं काज घेतलं.

शेवटी ती पाळकांकडे गेली. दोन दुभाष्यांमुळे लोकांचा गोंधळ होतो, असं म्हणाली. त्यांच्या काही खुणा वेगळ्या, आमच्या वेगळ्या, तेव्हा माझ्या सहाजणांना डावीकडे बसू द्या आणि त्या चौघांना उजवीकडे. पाळकांना खुणांमधलं काही कळत नव्हतं. त्यांना ते सोयीचं वाटलं. अशा रीतीनं ऐकणारे लोक एका छपराखाली एकत्र बसू लागले आणि न ऐकणाऱ्यांच्या मधे वाट पडली.

पाळक दर शनिवारी उपदेशाची टाचणं लिहून ठेवायचे, म्हणजे नावं, गावं, गीतं दुभाष्यांना आधी माहीत असावीत. त्या शनिवारी त्यांनी दोन प्रती काढून ताईच्या हातात दिल्या, एक तुझी, एक तिला पोचव. दुसरीवर त्यांनी वरच लिहिलं होतं, ‘उजव्या रांगेसाठी’. चपलांचं दुकान ताईच्या वाटेवरच होतं. ती त्याच्यासमोरून गेली आणि थांबली नाही. कागद पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहिला.

रविवारचा उपदेश ऐक्यावर होता. प्राचीन काळच्या एका शहरातली मंडळी कशी ‘मी या गुरूचा, मी त्या गुरूचा’ करून भांडत होती, ते पाळक सांगत होते. नावांवर नावं येत होती. ताईचे हात सफाईनं चालले होते. वाटेपलीकडे दुकानवाली अडखळली. एक नाव चुकलं, मग पुढचं, मग तिनं हात खाली घेतले आणि पुन्हा सुरुवात केली. तिच्या रांगेतले चौघं एकमेकांकडे बघू लागले. ताईला हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, आणि तिला आनंद होत होता. खरा आनंद. ती स्वतःशीही ते नाकारू शकली नाही.

तिची पिशवी भावाच्या मांडीवर होती. आपला चष्मा काढायला त्यानं आतल्या कप्प्यात हात घातला आणि कागद बाहेर आला. त्यानं वरची ओळ वाचली. तो उठला, भर उपदेशात वाट ओलांडून गेला, कागद दुकानवालीच्या हातात दिला आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसला. मग त्यानं नजर जमिनीकडे लावली. ज्याला ऐकू येत नाही त्यानं मान खाली घालणं म्हणजे कानात बोटं घालण्यासारखंच. पुढचा अर्धा तास ताईनं ऐक्याचा उपदेश त्याच्या टाळूला सांगितला.

घरी आल्यावर भाऊ बोलायला लागला तो मुद्दामच वेगानं. ताई बघत राहिली. मग तो थांबला.

“कळलं नाही ना?” त्यानं सावकाश विचारलं. “मी असाच बोलतो. सगळ्यांशी. तुझ्याशी सोडून.”

“कधीपासून?”

“शाळेत गेल्यापासून.”

म्हणजे तीस वर्षं. ताई खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, आपण त्याला सांभाळत आलो.

“तुझ्यासाठी थांबायला मला आवडतं,” तो म्हणाला. “पण त्या चौघांनी तुझं काय बिघडवलं होतं?”

तिच्या डोक्यात इतके दिवस फक्त दुकानवाली होती. ते चौघं तिला दिसलेच नव्हते.

सोमवारी कारखाना सुटल्यावर ती दुकानात गेली. दुकानवाली गुडघ्यावर बसून एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होती. ते जाईपर्यंत ताई स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, “कागद माझ्याकडे होता. मी मुद्दाम दिला नाही.”

“माहीत आहे,” खोक्यात बूट भरत दुकानवाली म्हणाली. “शनिवारी संध्याकाळी पाळकांनी मला विचारलं, मिळाला का. मी हो म्हटलं.”

“का?”

“तक्रार करून तुमच्या चर्चमध्ये शिरायचं नव्हतं. आणि खरं सांगू? वाटलं, कागदाशिवायही तुमच्याहून चांगलं करून दाखवीन.” तिनं झाकण लावलं, पण खोकं हातातच धरून ठेवलं. “तुम्हाला घरी बोलायला भाऊ आहे. आई-बाबा गेल्यापासून माझे हात फक्त रविवारी बोलतात. तुम्ही दोघं घरी जायला निघालात की मला बघवत नाही.”

आपल्याकडे कुणी हेवा करावा असं काही आहे, हे ताईच्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पाळकांना सगळं सांगितलं, न लपवता. ते म्हणाले की वाट पाडायला मीही होतोच. पुढच्या रविवारी दहा खुर्च्या अर्धगोलात मांडल्या गेल्या. एका रविवारी ताई उभी राहते, एका रविवारी दुकानवाली. दोन्हीकडच्या वेगळ्या खुणांपैकी कुठली ठेवायची, हे त्या दहाजणांनी एका दुपारी बसून ठरवलं. त्यात ताईच्या पाच गेल्या, दुकानवालीच्या तीन. ऐकणाऱ्या लोकांना पाण्याचा वाद मिटवायला मात्र अजून दोन वर्षं लागली.

ताईचं पोटदुखणं पार गेलं असं म्हणणं खोटं ठरेल. दुकानवालीच्या रविवारी म्हातारा सुतार डोळे पुसतो तेव्हा अजूनही तिला टोचतं, माझ्या वेळी का नाही पुसले. अशा वेळी ती भावाच्या शेजारच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसते आणि दुकानवालीच्या हातांवरून नजर हलवत नाही. न कळलेली खूण दिसली की भावाला कोपरानं ढोसते, आणि तो तिला ती पुन्हा करून दाखवतो.