येरझाऱ्या घालणारी फौज

आमच्या बस डेपोतला थोरला फिटर सुट्टीला कॉम्प्युटरवर युद्धाचा गेम खेळतो. परवा मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा शत्रूनं त्याच्या राजधानीला वेढा घातला होता, आणि ज्याला कॉम्प्युटरच चालवतो अशा दोस्त राष्ट्राची दांडगी फौज मदतीला यायचं सोडून शेजारीच दोन किल्ल्यांमध्ये येरझाऱ्या घालत होती. संपात आमचे पुढारी असंच करायचे. मला बघूनच तिडीक आली.

"बाबा, युती मोडून शत्रूशी तह करा, राजधानी वाचेल," त्याची लेक म्हणाली. "त्या यंत्राला काय कळतंय?"

"त्याला नसेल कळत. शब्द मी दिलाय."

राजधानी पडली. त्यानं नवा डाव मांडला, तर त्याच राष्ट्राचा पुन्हा युतीचा प्रस्ताव.

"आता तरी नाही म्हण," मी म्हणालो.

"एकट्यानं लढायचं त्राण नाही रे," म्हणत त्यानं होकाराचं बटण दाबलं.