मला भाकरी केंद्रातून काढलं त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. कुणी विचारो न विचारो, हे मी अजूनही आधी सांगते. शेंद्र्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथून रोज एसटीनं औरंगाबाद शहरात यायचं, क्रांती चौकात उतरून कॉलेजपर्यंत पायी जायचं, असं तीन वर्षं केलं आणि बी.कॉम. झाले. आई मला चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. "तू वाच. भाकऱ्या थापायला गावात बाया कमी हायत का?" म्हणायची. त्यामुळं मला भाकरी कधी नीट जमली नाही. त्याची लाज वाटण्यापेक्षा ऐटच जास्त होती.

लग्न होऊन शहरातल्या मुकुंदवाडीला आले आणि एका संस्थेत नोकरी लागली. खेड्यातल्या बायकांना उद्योजकता शिकवायची, असं काम. सहा आठवड्यांचा वर्ग, खडू-फळा, शेवटी प्रमाणपत्र. संस्थेनं पहिल्याच वर्षी आमच्या गावाचं नाव काढलं तेव्हा मी घरी पेढे आणले. माहेरी मास्तरीण म्हणून जायचं होतं.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. गावाची बरीचशी जमीन एमआयडीसीत गेली होती आणि उरली होती तिच्यात पेरलेलं उगवत नव्हतं. पुरुष कंपन्यांत कंत्राटी कामाला. बायकांतल्या काही तिथंच झाडलोटीला, बाकीच्या टँकरची वाट बघत घरी. रस्त्याच्या अलीकडं आमच्या कोरड्या विहिरी आणि पलीकडं कंपनीच्या कुंपणाआत हिरवीगार लॉन, रोज पाणी मारलेली. हे इतकं रोजचं झालं होतं की त्यावर कुणी बोलायचंसुद्धा नाही.

शाळेच्या व्हरांड्यात चौदा बायका जमल्या. सगळ्या ओळखीच्या. कुणी काकू, कुणी आत्या, कुणी माझ्याबरोबर सागरगोटे खेळलेली. माझ्या चुलत भावाची बायको, थोरली वहिनी, सगळ्यांत पुढं बसायची. चौथी शिकलेली, पण डोळे असे लावून बसायची की मलाच धडा चुकल्यासारखं व्हायचं.

पहिल्या दिवशी मी नफा-तोटा समजावत होते आणि टँकरचा भोंगा वाजला. अर्ध्या मिनिटात व्हरांडा रिकामा. मी खडू हातात घेऊन उभी. वहिनी हंडा उचलता उचलता म्हणाली, "वन्सं, नफा कुठं पळत नाय. पाणी पळतंय." सगळ्या खिदळत धावल्या. मला राग आला. पुढच्या दिवशी मी शिस्तीवर भाषण दिलं. एक आत्या जांभई देत म्हणाली, "तुझं पाणी नळाला येतंय ना बाई, मग शिस्त परवडती."

पण वर्ग चांगला झाला. हे मी गर्वानं सांगते. चौथ्या आठवड्यात मी फळ्यावर तीन माणसं काढली. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक, मधे ठेकेदार. त्या काळात या बायका कंपनीच्या क्यांटीनसाठी भाकऱ्या करायच्याच, पण एका ठेकेदारामार्फत. तो सांगेल तितक्या, तो म्हणेल तेव्हा. मी विचारलं, "हा मधला माणूस काय करतो?" कुणी म्हणालं, टेम्पो आणतो. कुणी म्हणालं, साहेबाशी बोलतो. "ते तुम्हाला येत नाही का?" मग मी वहिनीच्या हातात डस्टर दिलं. तिनं मधला माणूस असा पुसला की त्याच्याबरोबर फळ्याचा रंगही थोडा निघाला. टाळ्या झाल्या. सही करण्याआधी कागद वाचून घ्यायचा, समोरच्याला आपल्या गरजेआधी त्याची गरज विचारायची, एकटीनं न जाता चौघींनी मिळून जायचं, हे सगळं त्याच आठवड्यातलं. मीच शिकवलेलं.

वर्ग संपला आणि आम्ही खरोखर क्यांटीनच्या साहेबाकडं गेलो. ठेकेदार सुटला. करार झाला, वर्षाचा. गावच्या वेशीजवळ एका पडक्या गोदामात सहा चुली लागल्या. मी संस्थेची नोकरी सोडली. नवरा म्हणाला, "पक्की नोकरी सोडून भाकऱ्या?" मी म्हटलं, "भाकऱ्या त्या करतील. मी केंद्र चालवणार." पुढं मागं आणखी कंपन्या घ्यायच्या, गावोगाव केंद्रं काढायची, असं माझं ठरलेलं होतं. माझं सगळं त्या केंद्रावर अवलंबून होतं, एवढं लक्षात ठेवा.

मी काय करायचे? साहेबाशी बोलायचे, पत्रं लिहायचे, कोण किती वाजता आली ते बघायचे. भाकरी एका मापाची व्हावी म्हणून मी स्टीलच्या ताटलीचं माप काढलं. आत्या म्हणायच्या, "हात काय साचा हाय का?" तरी त्यांनी करून दाखवलं. कुणी पाहुणे आले की मी त्यांना फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, "या माझ्या बायका." त्या काटवटीवर वाकलेल्या असायच्या, पिठानं कोपरापर्यंत पांढऱ्या. कुणी वर बघायचं नाही. ते काम आहे म्हणून, असं मला वाटायचं.

दुष्काळ तिसऱ्या वर्षात गेला. टँकर दिवसाआड येऊ लागला. भाकरीला पाणी किती लागतं ते दुष्काळातच कळतं. पीठ मळायला, थापताना, वरून हात फिरवायला, परात धुवायला. एक दिवस पाणी आलंच नाही आणि क्यांटीनमध्ये भाकरी गेली नाही. साहेब फोनवर चिडला. मी धावत गेले. तो म्हणाला, गावात पाणी नसेल तर शहराकडं जागा बघा, मला भाकरीशी मतलब. मला पटलं. चिकलठाण्याला बोअरचं पाणी असलेली एक शेड मी बघूनही ठेवली. माझ्या घरापासून जवळ. बायकांना सकाळी टेम्पोनं आणायचं. ज्यांना जमणार नाही त्यांच्या जागी तिथल्या बायका मिळतील. मी साहेबाला सांगून टाकलं, नव्या करारापासून तिथूनच भाकरी येईल.

बायकांना सांगितलं नव्हतं. सांगणार होते. सवडीनं, नीट समजावून.

करार संपायला आठवडा असताना वहिनीचा निरोप आला, शुक्रवारी केंद्रावर या. गेले तर चुली बंद, गोदाम सारवलेलं, मधे पाट मांडलेला. मला पाटावर बसवलं. वहिनीनं कुंकू लावलं आणि ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. वर हिरवी इरकल साडी. आत्या म्हणाल्या, "लई केलंस बाई आमच्यासाठी." एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आलं. आज वर्षाचं काम पावलं, असं मनात म्हणत मी काळीपिवळीत पदर सांभाळत बसले, नारळ घरंगळू नये म्हणून.

घरी सासूबाईंनी ओटी बघितली. "ओटी भरली? का गं, कुठं निघालीस तू?"

मी हसले. लेक म्हणून भरली, म्हटलं. जाणाऱ्या बाईची ओटी भरतात हे काय मला माहीत नव्हतं? कॉलेज शिकले म्हणून काय झालं, त्याच गावात वाढलेय मी. पण मान मिळाला की माणूस त्यातलं एवढंच बघतो.

सोमवारी मी नवा करार टाइप करून कंपनीच्या गेटवर गेले. वॉचमन ओळखीचा. त्यानं वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "म्याडम, तुमचं नाव नाय इथं."

"असं कसं? करारावर सही करायचीय."

"ती तर झाली की. परवा शनिवारी. तुमच्या बाया आल्या होत्या चौघी. साहेबांनी चहा पाजला त्यांना." मग माझा चेहरा बघून तो वहीत तोंड घालून बसला.

मी फोन केला. साहेबानं उचलला. त्याला काही वावगं वाटत नव्हतं. हिंदीत म्हणाला, तुमच्या त्या वहिनी भारी आहेत. त्यांनी मला आधी विचारलं की तुम्हाला भाकरी ताजी आणि वेळेवर पाहिजे, एवढंच ना? मग म्हणाल्या, आमच्या गावात पाणी नाही आणि तुमच्या लॉनवर आहे. कंपनीचा टँकर रोज केंद्रावर रिकामा करा, भाकरी एक दिवस चुकली तर बोला. मी वरून मंजुरी आणली. करार त्यांच्या नावानं झाला.

पाणी मागायचं. एवढी साधी गोष्ट. मी वर्षभर त्या लॉनच्या कडेनं ये-जा केली होती.

गेटपासून गोदामापर्यंत मी उन्हात चालत गेले. आत सहाही चुली पेटलेल्या. दाराशी नवी काळी टाकी, काठोकाठ. मी आत शिरले तरी थापण्याचा आवाज थांबला नाही. एकच आत्या म्हणाली, "आली बघ."

"वहिनी," मी म्हटलं, "माझ्या पाठीमागं सही केलीस?"

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली, मग माझ्याकडं बघितलं. "व्हय. कागद वाचून केली. दोनदा वाचला."

"मी तुम्हाला उभं केलं. ठेकेदाराच्या तावडीतून काढलं. आणि तुम्ही मलाच..."

"बसा वन्सं. पाणी घ्या."

"नको मला पाणी!"

"घे की," आत्या म्हणाल्या, "आता हाय आपल्याकडं." दोघी-तिघी हसल्या. ते हसू मला अजून ऐकू येतं.

मी विचारलं, मी काय वाईट केलं ते तरी सांगा. वहिनीनं हात पुसले. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

"चिकलठाण्याची शेड साहेबाच्या शिपायाकडनं कळली आम्हाला. तिथं या आत्या येणार होत्या का? ही, हिचं लेकरू पाळण्यातलं, ही येणार होती का?"

"मी सांगणारच होते."

"आणि पहिल्या दिवशी साहेबाला काय म्हणालात ते आठवतंय? 'साहब, ये औरतें अनपढ़ हैं, जो बोलना है मेरे से बोलो.' आम्हाला काय हिंदी कळत नाय व्हय? औरंगाबादच्या बाजारात जन्म गेला आमचा."

मला आठवत नव्हतं. पण मी असं म्हणाले असेन. त्या दिवसांत मी असंच बोलत होते.

"मग मला तोंडावर सांगायचं होतं," मी म्हटलं. "भांडायचं होतं. ओटी कशाला भरलीत? खोटं कशाला?"

"ओटी खोटी नाय," ती म्हणाली. "लेकीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?"

"पण सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आम्हाला समजावून सांगितलं असतं." ती थोडी थांबली. "आणि आम्ही ऐकलं असतं. नेहमी ऐकतोच की. म्हणून नाय सांगितलं."

बऱ्याच वर्षांनी आता वाटतं, त्या पाण्याचा निर्णय माझ्यापेक्षा शहाणपणाचा होता, आणि तो त्यांनी घेतला याचा एखाद्या मास्तरणीला आनंद व्हायला हवा. मला तो झाला नाही. संस्थेच्या पुस्तकात बायकांना स्वतःच्या पायावर कसं उभं करायचं ते होतं. त्या उभ्या राहिल्यावर शिकवणारीनं कुठं जायचं ते नव्हतं. आणि मला फसवलंच त्यांनी. माझ्या कपाळाला कुंकू लावताना वहिनीला माहीत होतं की उद्या आपण सही करणार. ते मी विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

मी निघाले तेव्हा वहिनी मागून म्हणाली, "काम पाहिजे तर या. थापायला एक हात कमी पडतोय. सातला यावं लागंल."

टोमणा होता की खरंच बोलावत होती, ते तिच्या तोंडाकडं बघून कळलं नाही. मी म्हटलं, मला थापता येत नाही.

"शिकवू की," एक पोरगी म्हणाली. माझ्या वर्गात ती सगळ्यांत मागं बसायची.

मी वळून बघितलं नाही. जालना रोडला येऊन उभी राहिले. काळीपिवळी गच्च भरून आली, त्यात कशीबशी शिरले. शेजारी कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक माणूस होता, पाळी संपवून निघालेला. त्यानं मला गोदामाच्या वाटेनं येताना बघितलं असणार. चिकलठाण्याच्या आसपास तो म्हणाला, "ताई, त्या भाकरीवाल्या बाया, लई झकास भाकरी असती हो त्यांची. तुम्ही त्यांच्यातल्याच का?"

वर्षभर मी कुणालाही सांगायचे की केंद्र माझं आहे. तोंडापर्यंत तेच आलं.

"नाय," मी म्हटलं, आणि खिडकीकडं तोंड केलं.